हौदातलं पोरगं

मागच्या अंकात ‘एल एस्पिनासो देल दिआब्लो’, म्हणजे ‘सैतानाचा कणा’, या २००१ सालच्या स्पॅनिश भूतपटाबद्दल चार ओळी खरडल्या आणि पत्रांचा गठ्ठा आला. आमच्या फिल्म सोसायटीत चाळीस माणसं जमवताना घाम फुटायचा, इथं एका भुतानं काम केलं. चार पत्रांना उत्तरं देतो. ज्यांनी सिनेमा अजून पाहिलेला नाही त्यांनी जपून वाचा, मी बरंच काही फोडणार आहे.

तुमच्या भरवशावर रात्र जागवली. भूत तर सुरुवातीलाच दर्शन देतं. नंतर त्याची भीती वाटेना, उलट कीवच आली. मग हा भयपट कसला?
— एक वाचक, कराड

कीव आली ना? मग तिकीट वसूल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साल १९३९. स्पेनचं यादवी युद्ध संपत आलंय, जनरल फ्रँकोच्या लष्कराची सरशी होतेय. उजाड माळावर एक अनाथाश्रम आहे, त्यात हरणाऱ्या बाजूची, म्हणजे प्रजासत्ताकवाल्यांची पोरं. कार्लोसला त्याचा शिक्षक तिथं आणतो आणि न सांगता निघून जातो. बाप युद्धात गेलाय, हेही पोराला ठाऊक नाही. त्याला बारा नंबरची खाट मिळते. ती आधी सान्ती नावाच्या मुलाची होती. हा सान्ती एका रात्री नाहीसा झाला, आणि तेव्हापासून आश्रमात कोणीतरी उसासे टाकत फिरतं. पोरांनी त्याचं नावच पाडलंय, ‘उसासे टाकणारा’.

आता त्या भुताकडे नीट बघा. तोंड तडे गेलेल्या चिनीमातीच्या बाहुलीसारखं. डोक्याला खोक. पण रक्त खाली ओघळत नाही, धुरासारखं वर तरंगत जातं. पोरगं तळघरातल्या हौदात बुडवलेलं आहे. जिना चढून वर आलं तरी त्याच्याभोवतीचं पाणी काही हटत नाही. गियेर्मो देल तोरो या मेक्सिकन दिग्दर्शकाची ही करामत मी अकरा वेळा पाहिली असेल. रक्ताचा रंग सोडून ते जातंय कुठल्या दिशेला, एवढंच बघत बसतो.

सान्ती कार्लोसला सांगतो, तुमच्यातले बरेच जण मरणार आहेत. कार्लोसची गाळण उडते, तुमचीही उडाली असेल. पण ती धमकी नव्हती हो, खबर होती! पोरगं सावध करायला आलं होतं. आणि खरा काळ कोण? हासिन्तो. त्याच आश्रमात वाढलेला, आता तिथंच गडी म्हणून राबणारा देखणा जवान. त्याचा डोळा तिजोरीतल्या सोन्याच्या विटांवर. कराडकर, त्याची भीती वाटली नाही, असं मात्र म्हणू नका.

मी हे इतक्या पोटतिडकीनं का लिहितोय तेही सांगून टाकतो. कार्लोसला पहिल्याच रात्री पैजेवर अंधारात पाणी आणायला जावं लागतं, तो प्रसंग आठवतोय? आमच्या वसतिगृहात हाच रिवाज होता. नव्या पोरानं रात्री एकट्यानं मागच्या हौदावर जायचं आणि तांब्या भरून आणायचा. पाणी सांडलं तर परत जायचं. हौदावर रडणारं भूत आहे असं थोरली पोरं सांगायची. मी सहावीत होतो. गेलो. शेवाळानं पायरी बुळबुळीत झालेली. तांब्या बुडवला, बुडबुड थांबली, आणि हौदामागून आवाज आला, दम कोंडल्यासारखा. पळायला पाय उचलेना म्हणून वाकून बघितलं. तिसरीतलं एक पोरगं पंचाचा बोळा तोंडात कोंबून रडत बसलं होतं. खोलीत रडलं की पोरं ‘आईवेडा’ म्हणून चिडवायची, म्हणून ते रोज रात्री इथं यायचं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तांब्या घेऊन परत आलो आणि सगळ्यांना छाती पुढे काढून सांगितलं, “आहे भूत. मी स्वतः ऐकलं.”

दिवाळीनंतर ते पोरगं परत आलंच नाही. हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मध्यंतरात बाहेर जाऊन दोन कप चहा प्यालो, आणि सोबतच्या मंडळींना म्हणालो, आज पित्त झालंय.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. मुलांचा सिनेमा आहे म्हणून हा पाहायचा हट्ट धरून बसलाय. दाखवू का?
— एक आई, नाशिक रोड

नको, ताई. मुलं आहेत म्हणून तो मुलांचा होत नाही. अमेरिकेतही त्याला ‘आर’ दाखला आहे, म्हणजे सतराच्या आतल्यांनी मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच जायचं. भुताला तुमचा मुलगा दोन दिवसांत पचवेल. पण आश्रमात स्फोट होतो, पोरं दगावतात, आणि शेवटी उरलेली पोरं काठ्यांना टोकं काढून तळघरात हासिन्तोची वाट बघतात. ते बघून तो तुम्हाला जे प्रश्न विचारेल, त्यांची उत्तरं माझ्याकडेही नाहीत.

काचेच्या बरण्यांचंही एक प्रकरण आहे. आश्रमाचे डॉक्टर कासारेस यांच्याकडे बरण्यांत पाठीचा कणा उघडा पडलेले गर्भ ठेवलेले आहेत. त्यालाच गावकरी सैतानाचा कणा म्हणतात, जन्मालाच यायला नको होती अशी पोरं. डॉक्टर म्हणतात, कसला सैतान, ही गरिबी आणि रोगराई. पण ज्या मसालेदार रममध्ये ते गर्भ बुडवलेत तीच रम हे गृहस्थ गावात औषध म्हणून विकतात, कारण आश्रमाला पैसा हवा. वर स्वतःही एक घोट घेतात! मला सगळ्यात आवडतो तो हाच म्हातारा. पण दहा वर्षांच्या मुलाबरोबर जेवणाच्या आधी बघण्यासारखा हा प्रसंग नव्हे.

त्याला घाबरायचंच असेल तर विशाल भारद्वाजचा ‘मकडी’ (२००२) लावा. शबाना आझमी चेटकीण आणि श्वेता बसू प्रसाद दोन जुळ्या बहिणी. घाबरेल, हसेल, झोपेल. आणि हट्ट धरला म्हणून रागावू नका, त्याला घाबरायचंय ते तुमच्या शेजारी बसून, हे किती चांगलं आहे.

अंगणातला बॉम्ब शेवटपर्यंत फुटतच नाही! आमच्या घरात वडापावची पैज लागली होती.
— एक वाचक, डोंबिवली

फुटेल म्हणणाऱ्यानं मुकाट्यानं वडापाव आणावेत. नाक जमिनीत रुतलेला, शेपूट वर, असा तो बॉम्ब अंगणाच्या मधोमध उभा आहे. त्याच्याभोवती पोरं खेळतात, त्याला कान लावतात, कारण आत ठोके ऐकू येतात अशी त्यांची खात्री आहे. मोठी माणसं सांगतात, निकामी केलाय. (मोठ्या माणसांवर या सिनेमात कोणी विश्वास ठेवायचा नाही.) यात अशक्य असं काही नाही. टाकलेल्या बॉम्बांतले काही, फ्यूज (स्फोट घडवणारी कळ) दगा देतो म्हणून, न फुटता पडूनच राहतात, आणि त्या युद्धातले बॉम्ब अजूनही स्पेनमध्ये खोदकामात सापडतात. सिनेमात बॉम्ब पडतो त्याच रात्री सान्ती नाहीसा होतो. तुम्ही सगळे बॉम्बकडे बघत बसलात, आणि स्फोट झाला तो पेट्रोलच्या डब्यांचा, तोही घरातल्याच माणसानं केलेला.

इतकी खरी वाटणारी पोरं कुठून मिळवली? पुढे कुठे दिसली का?
— एक विद्यार्थिनी, औरंगपुरा

फेर्नांदो तिएल्वे, म्हणजे आपला कार्लोस, गर्दीतला एक म्हणून निवडीला आला होता. देल तोरोनं त्यालाच नायक केलं. त्याचा हा पहिलाच सिनेमा. आश्रम खरा वाटतो त्याला आणखी एक कारण आहे. प्रसंगांची रेखाटनं कार्लोस हिमेनेस या स्पॅनिश चित्रकारानं केली. हा गृहस्थ लहानपणी फ्रँकोच्या राजवटीतल्या अशाच आश्रमांत राहिला होता, आणि त्यावरची त्याची ‘पाराकुएयोस’ ही चित्रकथामाला प्रसिद्ध आहे. बशीकडे लागलेली पोरांची नजर त्याला कोणी शिकवायला नको होती.

पुढचं विचारताय म्हणून सांगतो. शेवटी उरलेली पोरं आश्रमाच्या फाटकातून माळावर चालू लागतात. लंगडत, एकमेकांना धरून. तिथं सिनेमा संपतो. पाच वर्षांनी, २००६ साली, देल तोरोनं ‘पॅन्स लॅबिरिंथ’ काढला. त्यातला काळ १९४४ चा. फ्रँको गादीवर घट्ट बसलाय आणि डोंगरात थोडे बंडखोर उरलेत. त्या बंडखोरांत दोन तरणी पोरं आहेत. एक तिएल्वे, दुसरा इन्यिगो गार्सेस, म्हणजे हाइमे, तोच ज्याच्याशी कार्लोसची पाण्याची पैज लागली होती. नावं वेगळी, काम जेमतेम. मला दुसऱ्यांदा पाहताना ओळखू आले, तुम्ही पहिल्यांदाच ओळखा.