फळं वाळवण्याचा छोटा उद्योग सौरऊर्जेवर चालेल का? सुरुवात कुठून करू?

चालेल, पण पॅनेलपासून सुरुवात करू नका. मी तीच चूक केली होती.

मीही फळांच्या चकत्या वाळवून विकतो. वर्षाचं वीजबिल पुढे ठेवलं, पॅनेल बसवणाऱ्यानं त्याला बारानं भागलं आणि छत भरून टाकलं. आमचं काम मात्र हंगामी. हंगामात पॅनेलं पुरेनात आणि एरवी नुसती ऊन खात बसलेली. त्यानंतर मी कागद-पेन्सिल घेतली. खरं तर ती आधी घ्यायला हवी होती.

आपला धंदा फळांचा दिसतो, पण आहे पाणी उडवण्याचा. सफरचंदात साधारण 85 टक्के पाणी असतं. 100 किलो चकत्यांचा ओलावा 15 टक्क्यांवर आणला की हातात साडेसतरा किलो माल येतो, म्हणजे 82 किलो पाणी हवेत गेलं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 0.65 युनिट उष्णता लागते. झाली 53 युनिटं. दारातून, भिंतींतून, बाहेर सोडलेल्या गरम हवेतून जाते ती धरा, सहज दुप्पट होते. चांगल्या उन्हात एक किलोवॉटची पॅनेलं दिवसाला चारेक युनिटं देतात. म्हणजे साध्या हीटरवर रोजच्या 100 किलोंसाठी 25 किलोवॉट, सव्वाशे चौरस मीटर नुसती पॅनेलं!

पॅनेल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा वीज करून देतं. ती वीज हीटरमध्ये घालून परत उष्णता करायची, हा द्राविडी प्राणायाम आहे. काळा पत्रा, वर काच, मधून पंख्यानं ओढलेली हवा, एवढा साधा हवातापक त्याच उन्हातून दुपटीहून जास्त उष्णता देतो. आमच्या ड्रायरमध्ये आता दिवसा हीच हवा जाते. वीज पंख्यांना आणि हीट पंपाला. हीट पंप बाहेर जाणाऱ्या दमट हवेतली उष्णता परत वापरतो, त्यामुळे एका युनिटात दोन-तीन किलो पाणी निघू शकतं.

पण या सगळ्याच्या आधी फुकटातली कामं उरका. ड्रायर चालू असताना दाराच्या कडेनं टिश्यू पेपरची पट्टी फिरवा. आमच्याकडे खालच्या कोपऱ्यात ती फडफडायला लागली, रबर चेपून सपाट झालं होतं. पहिले काही तास पाणी भराभर निघतं, तेव्हा डॅम्पर, म्हणजे दमट हवा बाहेर सोडायची झडप, उघडा हवा. शेवटी बाहेर येणारी हवा गरम आणि जवळजवळ कोरडी असते, ती फेकून देऊ नका, डॅम्पर बराचसा मिटून आतच फिरवा. आणि एक ट्रे दर अर्ध्या तासानं काट्यावर ठेवून बघा. अपेक्षित वजन गाठलं की थांबायचं. मी हे केलं तेव्हा कळलं, माल तयार झाल्यावरही आम्ही दोन तास तापवत होतो. कारण म्हणाल तर पातं बोथट, काही चकत्या जाड. त्या जाड चकत्यांपायी बाकीचा अख्खा ट्रे ताटकळायचा.

साली-गराचा बायोगॅस करता येतो, पण संत्र्या-लिंबाच्या साली बेतानंच घाला, त्यांतलं तेल गॅस करणाऱ्या जिवाणूंना सोसत नाही.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. पॅनेलची वीज यंत्रांना वापरता येईल अशी करून देणारा इन्व्हर्टर साधा, ग्रिडला म्हणजे बाहेरच्या वीजपुरवठ्याला जोडलेला असेल, तर वीज गेली की भर उन्हातही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून तशी सोयच असते. मी डोक्यावर रणरणतं ऊन आणि आत अर्धवट वाळलेला माल घेऊन बसलो होतो. वीज नसताना निदान पंखे चालावेत एवढी बॅटरी घेणार असाल, तर ते खरेदीआधीच बोलून घ्या.

तोवर ड्रायरला वेगळा मीटर लावा आणि एक पूर्ण हंगाम रोजची युनिटं आणि त्या दिवशी किती किलो माल निघाला, ते वहीत लिहा. किती किलोवॉट हवेत, ते त्या वहीवरून ठरवा.