फ्रीलान्स लेखन करताना स्वतःचं लेखन आणि तब्येत कशी सांभाळायची?

आधी पैशाचं बोलते, कारण झोप तिथेच उडते. निम्मं मानधन आगाऊ घ्या आणि दुरुस्त्या किती वेळा करून द्याल, ते ईमेलवर ठरवून टाका. बरेच क्लायंट 10 टक्के टीडीएस (मानधन देतानाच वळता केलेला आयकर) कापतात; तो आयकराच्या पोर्टलवर जमा दिसतोय का बघा, रिटर्न भरल्यावर जास्तीचा परत मिळतो.

स्वतःचं लेखन सकाळी, मोबाइल उघडायच्या आधी. दिवसभर दमलेल्या डोक्यातून रात्री जाहिरातीची कॉपी निघते, कथा नाही (माझी तरी नाही). दिवाळी अंकात लिहायचं असेल तर पावसाळ्यात मोठी अनुवादाची कामं घेऊच नका. रविवारी क्लायंटचे ग्रुप म्यूट. आणि शब्दाला 50 पैसे देणाऱ्याला सरळ नाही म्हणा.