वाचकांचे प्रश्न : लेबलावर न छापलेलं

प्रश्न : तयार लिंबू सरबताचं खोकं मार्केट यार्डातून घाऊक आणतो. एप्रिल-मेमध्ये बाटल्या गाडीच्या डिकीत, मग गॅलरीत राहतात. लेबलावर सगळं 'परवानगी असलेलं' आहे. तरी उन्हाने काही घातक तयार होतं का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : होऊ शकतं, आणि ते लेबलावर कधीच दिसणार नाही, कारण कारखान्यात कुणी ते घातलेलंच नसतं. बाटली उलटी फिरवून आयएनएस क्रमांक, म्हणजे पेयात घातलेल्या पदार्थांचे सांकेतिक आकडे, वाचा. २११ किंवा २१२ म्हणजे बेंझोएट, बुरशी रोखणारं. ३०० किंवा ३०१ म्हणजे क जीवनसत्त्व. आंबट पेयात ही जोडी एकत्र आली की लोह-तांब्याच्या अंशामुळे थोडं थोडं बेंझिन बनू लागतं. ऊन आणि उष्णता ते वाढवतात. ३०० छापलेलं नसलं तरी लिंबाच्या रसातच क जीवनसत्त्व असतं, हे विसरू नका. ३३० हे सायट्रिक आम्ल. त्याला उगाच घाबरू नका.

बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेत २००५ नंतर तपासलेल्या बहुतेक शीतपेयांत ते ५ पेक्षा कमी निघालं, मोजक्या पेयांत जास्त. तेव्हा एका पेल्याने घाबरून जायचं कारण नाही; रोज, महिनोन्‌महिने, तापलेल्या बाटलीतून पिणं टाळा. साखर ही प्रक्रिया मंदावते. म्हणजे 'शुगर फ्री' निर्धोक हा समज इथे उलटाच पडतो! चव किंवा वासावरून काही कळत नाही.

महिनाभर पुरेल एवढंच आणा, घरात अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा. पर्याय हवा असेल तर २२४ (केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, हेही टिकाऊपणासाठीच) घातलेलं सरबत घ्या, पण घरात कुणाला दमा असेल तर तेही नको.

प्रश्न : घरी बटाट्याचे वेफर्स तळताना काळपट होतात. बटाटे मंचरहून आणून फ्रिजमध्ये ठेवते.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : फ्रिजमध्येच गडबड आहे. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. तळताना १२० अंशांच्या वर ती अस्पॅरॅजिनशी (बटाट्यातलंच एक अमिनो आम्ल) संयोग पावते; त्यातूनच काळपट रंग येतो आणि अ‍ॅक्रिलामाइड हे घातक रसायनही तयार होतं. बटाटे बाहेर, अंधारात, हवेशीर टोपलीत ठेवा. काप अर्धा तास पाण्यात भिजवा, पाणी बदला, फडक्यावर पूर्ण कोरडे करा आणि सोनेरी होताच काढा. तेल १७५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका.