२०१४ ची इकोस्पोर्ट इकोबूस्ट घ्यावी का? आधी चेंबर उघडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या साखळी गावात ओळखीतल्या एकांची २०१४ सालची फोर्ड इकोस्पोर्ट, एक लिटर इकोबूस्ट (फोर्डचं छोटं टर्बो पेट्रोल इंजिन), विकायला आहे. ८२,००० किलोमीटर झालेत, किंमत परवडण्यासारखी आहे. रोज पणजीला ये-जा आणि महिन्या-दोन महिन्यांनी चोर्ला घाटातून बेळगाव. एवढ्याशा टर्बो इंजिनावर भरवसा ठेवावा का?

इंजिनावर ठेवा. या गाडीवर ठेवायचा की नाही हे मात्र तिच्यात आजवर कोणतं ऑइल पडलं, टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅम शाफ्टचा ताळमेळ राखणारा पट्टा) बदलला का आणि इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचे पाइप कसे आहेत यावर ठरेल. ऑइलची बिलं नसतील आणि मालक इंजिनाखालचं ऑइलचं चेंबरही उघडू देत नसेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

आधी इंजिनाबद्दल. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणारं इंजेक्शन आणि एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा एक छोटा टर्बो. ६००० आरपीएमला १२५ पीएस ताकद. टॉर्क १७० न्यूटन-मीटर, आणि तो १४०० पासून ४५०० आरपीएमपर्यंत सलग मिळतो. पणजीच्या ट्रॅफिकमध्ये ही गाडी लहान इंजिनाची वाटत नाही ती यामुळेच. हे इंजिन २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ ठरलं. २०१३ मध्ये इकोस्पोर्ट आपल्याकडे आली तेव्हा चार मीटरच्या आतली गाडी आणि १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन हे गणित करात बसत होतं. गोव्यात तर २०१२ साली पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला होता आणि लिटरमागे सुमारे ११ रुपये उतरले होते. डिझेलचा विचार करणारे बरेच जण तेव्हा पेट्रोलकडे वळले. त्या काळातल्या गाड्या आता सेकंड हँड बाजारात येताहेत, तुमच्यासमोरची त्यातलीच.

रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. ब्लॉक ॲल्युमिनियमचा नाही, ओतीव लोखंडाचा. थंड असला तरी तो लवकर तापतो, हा फायदाच. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे, त्यामुळे टर्बोकडे जाणारा वायू कूलंटने थोडा निवतो. तीन सिलिंडरची थरथर मारायला बॅलन्स शाफ्ट घातलेला नाही. त्याऐवजी फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम असमतोल ठेवल्या आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, बेल्टचं काम करून घेताना हिचा संबंध येतो.

आता मुख्य दुखणं. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट कोरडा नाही, तो इंजिन ऑइलमध्ये भिजून फिरतो. ऑइल पंप फिरवणारा छोटा बेल्टही तसाच. घर्षण कमी, आवाज कमी, हा फायदा खरा. पण ज्या ऑइलवर टर्बो आणि बेअरिंगं जगतात त्याच ऑइलमध्ये रबराचा बेल्ट बुडालेला असतो. ऑइल चुकीचं असेल, जुनं झालं असेल किंवा त्यात न जळालेलं पेट्रोल उतरलं असेल, तर रबर फुगतं, कडांना सुटतं आणि त्याचे काळे कण चेंबरमध्ये जाऊन ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात. बेल्ट तुटायच्या आधीच ऑइलचं प्रेशर पडायला लागतं. आधी टर्बोचं बेअरिंग जातं, मग क्रँकची. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला अडीच लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. तो थर गेला की फार वेळ लागत नाही.

आमच्या गॅरेजला अशी एक गाडी आली होती. पर्वरीच्या जॅममध्ये उभी असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा, ॲक्सिलरेटर दाबला की विझायचा. दुसरीकडे सेन्सर बदलून दिला होता आणि मालक निर्धास्त होते. चेंबर काढलं तर जाळी अर्ध्याहून जास्त बुजलेली. गरम इंजिन आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) असताना लाल दिवा नुसता चमकला तरी गाडी तिथेच बंद करा आणि टो करून न्या. ‘गॅरेजपर्यंत जाईल’ असं म्हणून चालवत नेलेली इंजिनं दुरुस्त होत नाहीत, बदलावी लागतात.

ऑइल पंपाच्या बेल्टबद्दल आणखी एक. २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत फोर्डने सुमारे १,३९,००० गाड्या परत बोलावल्या: २०१६ ते २०१८ च्या फोकस आणि २०१८ ते २०२२ च्या इकोस्पोर्ट, हेच एक लिटर इंजिन असलेल्या. कारण या बेल्टला ताणून धरणारा टेन्शनर. तो गेला की ऑइलचं प्रेशर जातं, इंजिन बंद पडू शकतं आणि ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही जाऊ शकते. अमेरिकेत विकलेल्या इकोस्पोर्ट चेन्नईतच बनायच्या. तुमची गाडी त्या रिकॉलमधली नाही, पण बेल्ट बदलायचा तर दोन्ही बदला, टेन्शनरसकट. फक्त टायमिंग बेल्ट बदलून पैसे वाचवू नका.

कधी बदलायचा? युरोपात कंपनीने मूळ मुदत १० वर्षं किंवा २,४०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी दिली होती. मीटरवरचे ८२,००० इथे उपयोगाचे नाहीत. गाडी २०१४ ची म्हणजे दहा वर्षं उलटली. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बेल्ट संपलाय असंच धरा आणि खर्चाचा लेखी अंदाज घेऊन तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला सांगा. काम कोणाकडे करता तेही महत्त्वाचं. क्रँक पुलीला जागेवर अडकवणारी चावी (लोखंडी खुंटी) नसते, ती बोल्टच्या दाबावर बसते. क्रँक आणि कॅम लॉक करायची खास टूल्स लागतात. त्यात पुली मुद्दाम असमतोल असल्यामुळे तिची जागा चुकली तर टायमिंगही चुकतं आणि थरथरही वाढते. खूण करून अंदाजाने बसवणारा मेकॅनिक कितीही जुना असला तरी या कामाला नको.

ऑइल ५डब्ल्यू-२०, आणि डब्यावर फोर्डचा डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी हा नंबर असलेलंच. ‘फुल सिंथेटिक आहे, चालतं’ हे उत्तर इथे चालत नाही. मी वर्षाला किंवा ८,००० किलोमीटरला बदलायला सांगतो. तुमचा रोजचा रस्ता लांब आहे ते चांगलंच, इंजिन पूर्ण तापतं. बाजार-शाळा-घर एवढीच फिरणारी गाडी असेल तर सहा महिन्यांनीच बदलावं, कारण इंजिन नीट तापलंच नाही तर ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही. आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे आणि ही गाडी त्याच्या आधीच्या जमान्यातली, हेही लवकर ऑइल बदलण्याचं कारण समजा. इंधनाचे रबरी होज त्याच वेळी तपासून घ्या.

दुसरं दुखणं कूलंटचं. युरोपात २०११ ते २०१३ च्या गाड्यांमध्ये कूलंटचा एक पाइप उष्णतेने कडक होऊन फुटायचा, कूलंट एकदम जायचं आणि तापमानाच्या काट्यात फरक दिसेपर्यंत हेड तापून वाकायचं किंवा तडकायचं. फोर्डने तिकडे ते पाइप बदलून दिले. आपल्याकडची गाडी बघताना बॉनेट उघडा, इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीतली पातळी बघा, पाइपांच्या सांध्यांवर कूलंट वाळल्याचे डाग शोधा, होज दाबून बघा. दाबल्यावर कडकड वाजला तर तो गेलेला आहे. कळंगुट-कांदोळीकडे किनाऱ्याजवळ उभी राहिलेली गाडी असेल तर क्लिप्स खाऱ्या हवेने खाल्लेल्या असतात, त्याही बदला. दहा वर्षांच्या गाडीत मी होजचा पूर्ण सेट, थर्मोस्टॅट आणि कूलंट एकदमच करून घेतो.

बाकी किरकोळ. थेट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साठतो, सकाळी आयडल हलतं. प्लग आणि कॉइल जुने झाले की चढावर मिसफायर होतो. यातलं काहीच गाडी नाकारण्यासारखं नाही.

चोर्ल्यासाठी एक सवय लावून घ्या. केरीहून चढ लागला की वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबून ओढू नका. टॉर्क आहे म्हणून गाडी ओढते, पण कमी आरपीएमला पूर्ण भार दिला की या जातीच्या इंजिनात ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. त्याचा मार थेट पिस्टनवर बसतो. दुसरा गिअर टाका, २५०० च्या वर ठेवा. वर पोचल्यावर शेवटचा एक-दोन किलोमीटर शांत चालवलंत तर टर्बोही निवतो.

तुमचे मित्र म्हणतात तशी दीड लिटरची तीन सिलिंडरवाली नवी इकोस्पोर्ट घेतली तर टर्बोची काळजी जाते, पण बेल्ट तिच्यातही ऑइलमध्येच आहे. म्हणजे ऑइलची बिलं तिच्याबाबतीतही मागावीच लागतील.

तर मालकांना आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: ऑइलची सगळी बिलं आहेत का, आणि तुमच्या खर्चाने चेंबर काढून जाळी बघू द्याल का. जाळी स्वच्छ, होज मऊ आणि बेल्टचा खर्च किमतीतून वजा, एवढं जमलं तर घ्या. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, तरी सर्व्हिस आणि पार्ट्स मिळतात. बेल्टचं किट मात्र आधी मागवा आणि ते हातात आल्याशिवाय गाडी उघडू देऊ नका. बिलं मिळाली तर त्यांचे फोटो इथे टाका. ऑइलचा नंबर बिलावर कुठे लिहिलेला असतो ते मी त्यावरच दाखवतो.