पात्याच्या बुंध्यातलं बेअरिंग

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं प्रॉपेलरच्या हबचं (पाती जिथे बसतात त्या मधल्या भागाचं) रेखाटन आणि सोबतची आकडेमोड वाचली. रेखाटन नीटनेटकं आहे, पण बेअरिंगच्या पानावर तू आयुष्याचं सूत्र लावून दहा हजार तास काढलेस, तिथं मी थांबलो. ते सूत्र फिरणाऱ्या बेअरिंगचं आहे. पंपाचं, मोटारीचं, गाडीच्या चाकाचं. पिच, म्हणजे पात्याचा कोन, बदलणाऱ्या प्रॉपेलरमध्ये पात्याच्या बुंध्याशी बसणारं बेअरिंग जवळजवळ फिरतच नाही. अख्खं हब मिनिटाला 2700 फेरे घेतं, पण बेअरिंगच्या दोन रेस (छर्रे ज्यांच्यामध्ये बसतात त्या कड्या) एकमेकींच्या मानाने तासन् तास जागच्या जागी असतात आणि त्या अवस्थेत टनावारी ओढ सोसतात. म्हणून ते पान फाडून टाक आणि उभ्या भाराच्या हिशोबाने नव्याने सुरुवात कर.

आधी ओढ काढू, म्हणजे फिरताना पातं बाहेर खेचणारं बळ. तुझं पातं 7 किलोचं, गुरुत्वमध्य अक्षापासून 0.35 मीटरवर. 2700 फेऱ्यांना कोनीय वेग सेकंदाला 282.7 रेडियन, त्याचा वर्ग सुमारे 79,940. गुणाकार केलास की 196 किलोन्यूटन येतात, म्हणजे एकेका पात्यामागे वीस टन. प्रमाणपत्रासाठी अमेरिकी विमान-नियमांच्या भाग 35 मध्ये याच्या दुप्पट ओढ एक तास लावून हब आणि पात्याची पकड तपासावी लागते. म्हणजे 392 किलोन्यूटन. ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे दुप्पट ओढ म्हणजे 41 टक्के जादा वेग. तुझ्या हबवर प्रमाणपत्राचा शिक्का कधी बसणार नसला तरी हाच आकडा धरून चाल.

आता छर्रे. थ्रस्ट बॉल बेअरिंगची (अक्षाच्या दिशेतला भार पेलणाऱ्या बेअरिंगची) स्थिर भारक्षमता ढोबळमानाने 62 गुणिले छर्ऱ्यांची संख्या गुणिले व्यासाचा वर्ग, व्यास मिमीमध्ये, उत्तर न्यूटनमध्ये. तू 12 मिमीचे 24 छर्रे घेतलेस: 214 किलोन्यूटन. रोजच्या ओढीला जेमतेम पुरतील, चाचणीत रेसवर खळगे पडतील. 16 मिमीचे 25 घेतलेस तर 397 येतात आणि काम भागतं. त्यासाठी छर्ऱ्यांच्या वर्तुळाचा व्यास 140 मिमीपर्यंत न्यावा लागेल. हब जाड होईल, पण त्याला इलाज नाही. या क्षमतेची व्याख्या लक्षात ठेव: त्या भाराला संपर्कातला दाब 4200 मेगापास्कल होतो आणि छर्रा व रेस मिळून छर्ऱ्याच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाइतकी कायमची दबतात. म्हणजे ही मोडण्याची मर्यादा नव्हे, खूण उमटायची आहे.

एवढ्यावर हिशोब संपत नाही, कारण पातं नुसतं बाहेर ओढत नाही, वाकवतंही. समजा बुंध्याशी वाकवणारा मोमेंट 1500 न्यूटन-मीटर आहे. मग एका बाजूच्या छर्ऱ्यावर जादा भार चार गुणिले मोमेंट भागिले छर्ऱ्यांची संख्या आणि वर्तुळाचा व्यास, म्हणजे सुमारे 1.7 किलोन्यूटन. सरासरी भार 7.8 आहे, त्यावर बावीस टक्के चढले. छर्ऱ्यांची संख्या ठरवताना हा वाटा सोडू नकोस. शिवाय या मोमेंटचा थरथरणारा भाग प्रत्येक फेऱ्याला उलटसुलट होतो. तो लक्षात ठेव, पुढे त्याचंच काम आहे.

साधं घर्षण-बेअरिंग का नको, असंही तू विचारलं आहेस. घर्षण गुणांक 0.1 धरला तर एक पातं वळवायला 1370 न्यूटन-मीटर लागतील. छर्ऱ्यांवर गुणांक 0.0013 धरला तर 18. गव्हर्नरच्या (पिच बदलून इंजिनाचा वेग कायम राखणाऱ्या यंत्रणेच्या) तेलाच्या दाबावर चालणारा छोटा पिस्टन पहिल्या आकड्याशी झुंजत बसेल. झुंजला तरी पिच झटक्याझटक्याने बदलेल आणि इंजिनाचा वेग खालीवर होत राहील.

आता बेअरिंग मरतं कसं ते बघ. पिचची पूर्ण हालचाल समजा 20 अंशांची. पातं 20 अंश वळलं की छर्ऱ्यांचा संच त्याच्या निम्मा, म्हणजे 10 अंश सरकतो. पंचवीस छर्ऱ्यांमधलं अंतर 14.4 अंश. म्हणजे पिच या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली तरी एकही छर्रा शेजाऱ्याच्या जागेपर्यंत पोचत नाही. प्रत्येकाने आपली जागा वाटून घेतली आहे. उड्डाणात तर गव्हर्नर अर्धा अंश इकडेतिकडे करतो. तेव्हा छर्रा 0.3 मिमी सरकतो, आणि त्याच्या संपर्काच्या ठिपक्याची सरकण्याच्या दिशेतली रुंदी आहे सुमारे 0.9 मिमी. ठिपका स्वतःच्या बाहेर जातच नाही. आतलं तेल एकदा दाबून बाहेर निघालं की परत यायला वाटच नाही. वर प्रत्येक फेऱ्याची ती थरथर आहेच. पोलाद पोलादावर घासतं, बारीक कण सुटतात, त्यांचा गंज होतो आणि तो गंज पुढे पॉलिश पावडरीसारखा घासत राहतो.

हब उघडलंस तर रेसवरच्या खुणा भिंगाखाली नीट वाच. खळग्याच्या तळाशी ग्राइंडिंगच्या मूळ रेघा अजून दिसत असतील तर ती दाबाची खूण: पातं कुठेतरी आपटलं, वेग हाताबाहेर गेला, नाहीतर जोडणी करताना कुणी हातोडा मारला. रेघा पुसल्या गेल्या असतील आणि भोवती तांबूस-तपकिरी भुकटी असेल तर ते घासणं आहे. पहिल्यात दोष भाराचा, दुसऱ्यात वंगणाचा किंवा प्रीलोडचा (जोडतानाच बेअरिंगवर देऊन ठेवलेल्या दाबाचा). दोन्हींना सरसकट ‘बेअरिंग गेलं’ म्हणून नवं बसवलं तर तेही त्याच वाटेने जाईल.

यावर एक उपाय वैमानिकाच्या हातात आहे. उड्डाणाआधीच्या रन-अपमध्ये (जमिनीवर इंजिन चालवून तपासताना) पिच दोनतीनदा पूर्ण फिरवतात ती गव्हर्नर तपासायला आणि गार तेल बदलून गरम तेल आणायला, पण त्या निमित्ताने छर्रे आपापल्या ठिपक्यावरून उठतात आणि खाली वंगण शिरतं. डिझायनरच्या हातात राहतं ते प्रीलोड आणि वंगण.

प्रीलोडचं काम कमी वेगाला असतं. पूर्ण वेगाला वीस टन ओढ सगळं घट्ट दाबून धरते. 700 फेऱ्यांना तीच ओढ 13 किलोन्यूटनवर येते आणि इंजिन बंद झालं की शून्यावर. तेव्हा पातं खिळखिळं राहिलं तर छर्रे रेसवर ठोकले जातात. तू बुंध्याखाली कडक शिम (फट भरणारी पातळ चकती) दिली आहेस. एक हिशोब कर. रेसचा पोलादी थर 25 मिमी, भोवतीचं हब अॅल्युमिनियमचं. दोघांच्या प्रसरणात दर अंशाला मीटरमागे 11 मायक्रॉनचा फरक. (बुंधाही अॅल्युमिनियमचाच, म्हणून फक्त पोलादाची जाडी धरायची.) हब 60 अंशांनी तापलं की 16 मायक्रॉन मोकळे होतात. कडक शिमवर दिलेला प्रीलोड तेवढ्याने गायब होऊ शकतो. बशीच्या आकाराची स्प्रिंग वॉशर घाल. ती मिलिमीटरच्या काही दशांशांनी दबलेली असली तर 16 मायक्रॉनने तिला फरक पडत नाही. हाच प्रश्न आडव्या दिशेतही येतो: 160 मिमी व्यासाची रेस तेवढ्याच तापमानात अॅल्युमिनियमच्या खोबणीत 0.1 मिमी सैल होते. म्हणून फिट ठरवताना खोलीचं तापमान धरू नकोस, हब चालताना किती तापतं ते धर.

रेस दुभागलेली का असते हे तुझ्या रेखाटनात आलेलंच नाही. बुंध्याचं टोक मानेपेक्षा रुंद, त्यामुळे अखंड कडी घालायला जागाच नाही. मानेभोवतीची रेस दोन अर्धुकांची करावी लागते. दोन्ही अर्धुकं एकाच कडीची, जोडीचा नंबर घातलेली. या पात्याचं अर्धुक त्या पात्याला कधीही नाही. जोडावरची कड किंचित उतरवून घ्यायची, नाहीतर छर्रा तिथे पायरीवर चढल्यासारखा चढतो आणि कडेचा टवका उडतो. जोड शक्य तो वाकवणाऱ्या मोमेंटच्या टोकाला येऊ देऊ नकोस. छर्रे मात्र एकाच लॉटचे हवेत. हरवलेल्या एका छर्ऱ्याऐवजी डब्यातला ‘त्याच मापाचा’ घालणं म्हणजे एकतर तो एकटा सगळं उचलणार, नाहीतर काहीच उचलणार नाही.

आता वंगण. तीन पद्धती चालतात: निपलमधून (ग्रीस भरायच्या तोटीतून) भरायचं ग्रीस; हबमध्ये कायम भरलेलं, सील केलेलं तेल; आणि हॅमिल्टन स्टँडर्डच्या हायड्रोमॅटिक प्रॉपेलरसारखं हबमधून खेळणारं इंजिनचंच तेल. माझा कल सील केलेल्या तेलाकडे आहे. तेल ठिपक्याकडे परत वाहतं, ग्रीस वाहत नाही. मॅकॉली कंपनीच्या काही हबमध्ये तेलात लाल रंग घालतात, त्याचा दुहेरी उपयोग: हबला केसाएवढी चीर गेली तरी बाहेर लाल ओघळ दिसतो. हे शहाणपण फुकट मिळतंय, घे.

पण तेल घेतलंस तर सीलचा हिशोब चुकवता येणार नाही. हबमध्ये तेलाचा पृष्ठभाग अक्षापासून 40 मिमीवर आणि सील 120 मिमीवर असेल तर 2700 फेऱ्यांना केंद्रोत्सारी दाब 4.6 बार होतो. जमिनीवर तासभर कोरडी राहिलेली ओ-रिंग (सीलची रबरी कडी) हवेत गळते ती यामुळे. ओ-रिंग जाडीच्या 10 ते 15 टक्के दबेल अशी बसव, घासणारा पृष्ठभाग 0.4 मायक्रॉनपर्यंत गुळगुळीत कर आणि जोडताना तिला तेल लाव. कोरडी बसवली की ती पिळ घेते आणि तिरप्या चिरा पडून फाटते.

ग्रीसवर राहायचं ठरवलंस, तर एवढं समजून घे: अक्षापासून 100 मिमीवर ग्रीसला गुरुत्वाच्या सुमारे 815 पट ओढ बसते. ग्रीसला घट्टपणा देणारा साबण किंवा माती एकीकडे आणि तेल दुसरीकडे असं ते फाटतं. तेल सीलकडे जातं, घट्ट भाग मेणासारखा थिजून बसतो. म्हणून डब्यावर ‘उच्च दर्जाचं’ लिहिलंय यावर जाऊ नकोस, निर्मात्याच्या यादीतलंच ग्रीस घे. एअरोशेल 6 हे मातीवर बांधलेलं, उणे 40 ते 121 अंशांसाठी. एअरोशेल 5 ही मातीवरचंच, पण उणे 23 च्या खाली चालत नाही. लडाखला जाणाऱ्या विमानात आणि इथल्या विमानात हाच फरक महत्त्वाचा. गॅरेजमधलं लिथियमचं ग्रीस मातीच्या ग्रीसवर भरू नकोस. दोन्ही मिळून पातळ होतात आणि सीलमधून निघून जातात.

भरायची रीत हार्टझेल कंपनीच्या अॅल्युमिनियम हबवरची सांगतो, कारण बहुतेक चुका तिथे होतात. प्रत्येक पात्याला दोन निपल. एका बाजूचं काढून टाक. उघड्या भोकात जुनं ग्रीस थिजलेलं असेल तर तारेने मोकळं कर. मग दुसऱ्या निपलमधून हाताच्या ग्रीस गनने सावकाश भर, समोरच्या भोकातून ग्रीस बाहेर येईपर्यंत किंवा 30 मिलि होईपर्यंत, जे आधी घडेल ते. तीस मिलि म्हणजे दोन मोठे चमचे, जास्त नाही. भोक न मोकळं करता, किंवा निपल न काढताच हवेच्या गनने दाबलंस तर ग्रीस सील ओलांडून हबच्या पोकळीत जातं. सील तर जातंच, बॅलन्सही बिघडतो, आणि मग लोक थरथर शोधत इंजिनाचे माउंट उघडत बसतात. सगळ्या पात्यांना सारखं भर. बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाकण्याआधी बोटावर घेऊन बघ: तांबूस झाक म्हणजे घासणं, पांढुरकं म्हणजे पाणी शिरलंय, चमचमणारे कण दिसले तर प्रॉपेलर उतरवायचा.

ग्रीस पुन्हा भरायची मुदत 400 तास उड्डाण किंवा 12 महिने, जे आधी होईल ते. विमान वर्षभरात त्यापेक्षा बरंच कमी उडत असेल किंवा खाऱ्या, दमट हवेत उभं असेल तर 6 महिने. जुहूला किंवा गोव्यात ठेवलेल्या विमानाला दुसरा नियम लागतो, आणि पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवलेल्याला तर नक्कीच. कमी उडतं म्हणून कमी झिजतं, हा समज इथे उलटा पडतो. दोन पात्यांचा प्रॉपेलर आडवा ठेवावा, म्हणजे वरच्या पात्यावरून ओघळणारं पाणी सीलवर साचत नाही.

बुंध्याजवळच्या गंजाला मी इतकं का धरून बसलोय ते सांगतो. 10 जुलै 2017 रोजी मिसिसिपीत अमेरिकी मरीन कोरचं केसी-130टी विमान कोसळलं आणि 16 जण गेले. पात्याच्या बुंध्यातल्या पोकळीत गंजाचा खड्डा राहून गेला होता, त्यातून चीर वाढली आणि पातं सुटलं. दोष बेअरिंगचा नव्हता, पण जागा तीच. वीस टन ओढीखाली गंजाचा लहानसा ठिपकाही चिरेची सुरुवात असतो. म्हणून रेस जिथे अॅल्युमिनियमला टेकते तिथे अॅनोडायझिंग (अॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर) शाबूत आहे का बघ आणि दोन धातूंच्या मध्ये ओल राहील अशी फट ठेवू नकोस.

नवं रेखाटन करताना रेसचा छेद पाचपट मोठा काढ. छर्रा ज्यात बसतो त्या खोबणीची त्रिज्या छर्ऱ्याच्या व्यासाच्या 0.54 पट, म्हणजे 8.64 मिमी, यापेक्षा मोठी नको. मोठी केलीस की वरचा 62 हा आकडा खाली येतो. रेसची कठिणता 58 ते 62 रॉकवेल सी लिही. दुभागाची जागा आणि निपलची जागा पात्याच्या कोनासह दाखव. निपलचं भोक छर्ऱ्यांच्या पोकळीत थेट उघडलं पाहिजे. आत्ताच्या रेखाटनात ते रेसच्या पाठीमागे उघडतंय, तिथे भरलेलं ग्रीस छर्ऱ्यांपर्यंत कधीच पोचणार नाही.

तुझा,
काका

ता. क. – वॉशरचा भार आणि दबण्याचा आलेख सोबत जोड. 20 आणि 80 अंश, दोन्ही तापमानांना प्रीलोड किती उरतो ते त्यावर खूण करून दाखव.