डॉक्टरांनी तीन महिने दिलेत. गोळी न घेता फक्त आहाराने एलडीएल खाली येईल का?

तुमचे आकडे आधी इथे लिहिते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. वय ४१, एकूण कोलेस्टेरॉल २४३, एलडीएल (धमन्यांत साचणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल) १६४, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ४२, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) १८५. मधुमेह नाही, रक्तदाब ठीक, सिगारेट नाही. रिपोर्ट आल्यापासून तुम्ही अंडी, बदाम-अक्रोड आणि स्वयंपाकातलं तेल पूर्ण बंद केलंय. पावावर लोणी, दिवसाला दोन कप सायीच्या दुधाची कॉफी आणि चीज मात्र चालू आहे. भूक लागली की बिस्किटं आणि फळांचा रस.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि असे रिपोर्ट घेऊन येणारी माणसं रोज भेटतात. उत्तर सरळ आहे: आहाराने एलडीएल खाली येतं. पण तुम्ही जे बंद केलंय त्यातलं बरंचसं ठेवायला हवं, आणि जे ठेवलंय तिथे हात आखडायला हवा.

असं का, ते समजण्यासाठी यकृताकडे बघावं लागतं. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, शरीर स्वतःच तयार करतं. रक्तातले एलडीएलचे कण पकडून आत ओढणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. ते जितके जास्त, तितकं रक्त स्वच्छ. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी हे रिसेप्टर शोधले आणि त्या कामासाठी त्यांना १९८५ साली नोबेल मिळालं. संपृक्त चरबी, म्हणजे लोणी, साय, चीज यांत भरपूर असणारं सॅच्युरेटेड फॅट, जास्त खाल्लं की या रिसेप्टरचं काम मंदावतं आणि एलडीएल रक्तात रेंगाळतं. स्टॅटिनची गोळी याच्या उलट करते: यकृतात कोलेस्टेरॉल बनणं कमी करते, मग यकृत जास्त रिसेप्टर बाहेर काढून रक्तातलं एलडीएल उचलतं. चांगला आहारही शेवटी याच जागी काम करतो, फक्त त्याचा जोर कमी असतो.

आता तुमचा हिशोब करू. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने संपृक्त चरबी २२ ग्रॅमच्या आत ठेवावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची १० टक्क्यांची मर्यादा. ज्यांना एलडीएल उतरवायचंय त्यांच्यासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशन ६ टक्क्यांच्या आत सांगते, म्हणजे जेमतेम १३ ग्रॅम. एक मोठा चमचा लोण्यात साधारण ७ ग्रॅम, दोन कप सायीच्या दुधात ९ आणि ३० ग्रॅम चीजमध्ये ५ ते ६ ग्रॅम संपृक्त चरबी असते. म्हणजे जेवायला बसण्याआधीच २१-२२ ग्रॅम झाले! बिस्किटांतलं पाम तेल अजून धरलेलंच नाही, आणि त्यातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते. खोबरेल तेलात तर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जातं. वनस्पतीचं तेल आहे म्हणून ते आपोआप हृदयाला चांगलं ठरत नाही.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा पुढे आहे. लोणी कमी केल्यावर त्याच्या जागी काय येतं, यावर सगळं ठरतं. मैदा, साखर आणि रस आले तर एलडीएल थोडं उतरतं, पण ट्रायग्लिसराइड्स चढतात, एचडीएल घसरतं आणि हृदयाला फारसा फायदा होत नाही. तुमचे १८५ तसेच वाढले असण्याची शक्यता मला दाट वाटते. त्याच जागी सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी किंवा ऑलिव्हसारखं तेल, सुकामेवा आणि मासे आले तर एलडीएलही उतरतं आणि झटक्याचा धोकाही. म्हणून तेल परत सुरू करा, मोजून. सगळी तेलं मिळून माणशी दिवसाला तीन ते चार छोटे चमचे पुरतात. बदाम-अक्रोडही परत आणा, रोज मूठभर, बिनमिठाचे, आणि तेही बिस्किटांच्या जागी. जेवणावर वाढीव म्हणून नको. स्पेनमध्ये धोक्याच्या गटातल्या सुमारे ७,४०० लोकांवर झालेल्या प्रेडिमेड अभ्यासात काही गटांना भूमध्यसागरी आहारासोबत भरपूर ऑलिव्ह तेल किंवा रोज ३० ग्रॅम सुकामेवा दिला होता. चरबी कमी करण्याचा सल्ला मिळालेल्या गटाच्या तुलनेत त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून सुमारे ३० टक्के कमी आढळले. २०१३ च्या त्या निबंधात गट पाडण्याच्या पद्धतीत त्रुटी सापडल्या, म्हणून तो मागे घेऊन २०१८ साली पुन्हा विश्लेषण करून छापला गेला. निष्कर्ष जवळजवळ तोच राहिला.

अंड्याबद्दल. एका बलकात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, पण खाल्लेल्या कोलेस्टेरॉलचा रक्तातल्या आकड्यावर परिणाम संपृक्त चरबीपेक्षा बराच कमी होतो. काही जणांत तो जास्त दिसतो. या तीन महिन्यांत आठवड्याला तीन-चार अंडी खायला माझी हरकत नाही. फक्त ती लोण्यात तळलेली नकोत.

आता जे वाढवायचं ते. पाण्यात विरघळणारा तंतू, सोल्युबल फायबर, हे आहारातलं सगळ्यात दुर्लक्षित हत्यार आहे. हा तंतू आतड्यात पित्तरसातली आम्लं धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. नवीन पित्त बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते रक्तातून उचलावं लागतं, आणि एलडीएल उतरतं. ओट्स आणि बार्लीतला बीटा-ग्लुकन हा असाच तंतू रोज ३ ग्रॅम मिळाला तरी फरक दिसतो. त्यासाठी साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात, दोन चमचे भुरभुरवून भागत नाही. ओट्स आवडत नसतील तर हट्ट नको. कडधान्यं, राजमा, सोयाबीन, सफरचंद, संत्रं (अख्खं, रस नव्हे), वांगी, भेंडी यांतूनही हा तंतू मिळतो. इसबगोल रोज ७ ते १० ग्रॅम, भरपूर पाण्यासोबत, हा जुना आणि भरवशाचा उपाय आहे. एकदम सुरू केलात तर पोट फुगेल, म्हणून दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. इतर काही औषधं चालू असतील तर ती आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

कॉफी गाळणीच्या कागदातून येत असेल तर चिंता नाही. न गाळता उकळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा घटक राहतो आणि तो एलडीएल वाढवतो. पाकिटावर 'पार्शली हायड्रोजनेटेड' दिसलं तर ते परत ठेवा: त्यातलं ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि एचडीएल उतरवतं, एकाच वेळी. लिंबू-मधाचं पाणी आणि धमन्या 'साफ' करणारे काढे यांवर वेळ घालवू नका. रेड यीस्ट राइसच्या गोळ्या 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जातात. त्यातला मोनॅकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिन औषधच, तोच रेणू, फक्त मात्रेची खात्री नसलेला. डॉक्टरांना न सांगता तो घेऊ नका.

अपेक्षा किती ठेवायची? टोरोंटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांच्या गटाने २००३ साली ओट्स-बार्ली-इसबगोलचा तंतू, सोया प्रथिनं, बदाम आणि वनस्पती स्टेरॉल (आतड्यात कोलेस्टेरॉल कमी शोषू देणारा वनस्पतींतला घटक) एकत्र देऊन महिनाभरात एलडीएल सुमारे २९ टक्क्यांनी खाली आणलं. पण तिथे लोकांना जेवण तयार मिळत होतं. २०११ मध्ये त्याच पद्धतीचा फक्त सल्ला देऊन पाहिला, तेव्हा सहा महिन्यांत घट १३-१४ टक्के आली. घरी स्वतः करणाऱ्या माणसासाठी मी हा दुसरा आकडा धरते. तुमचे १६४ या हिशोबाने १४० च्या आसपास येतील. मनापासून केलंत आणि आज संपृक्त चरबी खरंच इतकी जास्त असेल, तर त्याहून थोडं खालीही. ट्रायग्लिसराइड्स तर साखर, रस आणि असल्यास दारू थांबवल्यावर काही आठवड्यांतच उतरू लागतात. वजन जास्त असेल तर ते ५ टक्क्यांनी कमी झालं तरी त्यांच्यात फरक पडतो.

तीन महिन्यांनंतरही डॉक्टरांनी गोळी सुचवली तर पथ्य वाया गेलं असं समजू नका. गोळीने एलडीएल ३० ते ५० टक्के उतरू शकतं आणि पथ्यामुळे कमी मात्रा पुरू शकते. ज्यांचं एलडीएल १९० च्या वर आहे, ज्यांना मधुमेह आहे किंवा आधी झटका येऊन गेलाय, त्यांनी हे उत्तर वाचून गोळी लांबवू नये. चालू असलेली तर मुळीच बंद करू नये.

पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये करा. ताप किंवा मोठ्या आजारातून नुकते उठला असाल तर काही आठवडे थांबा, कारण आजारपणात एलडीएल खोटं कमी दिसतं. सोबत थायरॉइडची टीएसएच तपासायला सांगा. थायरॉइड मंद असेल तर कितीही ओट्स खाल्ले तरी आकडा हट्टी राहतो. लायपोप्रोटीन (ए), म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला एक कण, आयुष्यात एकदा तपासून घ्या. तो आनुवंशिक असतो आणि आहाराने जवळजवळ हलत नाही. एक गोष्ट तुम्ही प्रश्नात लिहिलेली नाही: वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला होता का? झाला असेल तर तीन महिने थांबू नका, याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा.