मोजणीदार कोणता, त्याआधी जमीन कुणाची?

जालना जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आहे. समृद्धी महामार्गाजवळ दीड एकर रान 27 लाखांना ठरलंय. 3 लाख विसार दिला, 14 लाख ग्रॅच्युइटीच्या ठेवीतून आणि 10 लाख वैयक्तिक कर्जातून उभे करणार. प्लॉट पाडून तीन वर्षांत दुप्पट होतील, असं विकणाऱ्यानं सांगितलंय. मोजणीला एक खाजगी सर्वेअर 18,000 मागतो, दुसरा 45,000. कुणाला सांगावं?

सर, आत्ता कुणालाच नको.

तुम्ही पाठवलेल्या सातबाऱ्यावर चार नावं आहेत, तीन भाऊ आणि एक बहीण. विसारपावतीवर सही मात्र एकट्या थोरल्याची. खातं सामाईक आहे, वाटप झालेलं नाही. 'पूर्वेकडचा दीड एकर' त्यानं बोटानं दाखवला असेल, पण त्या तुकड्याला कागदावर हद्दच नाही. मग टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र, लावून मोजायचं काय? काळ्या रानात धुरा दर पावसाळ्याला थोडा सरकतो, हद्दीचे दगड नांगराखाली जातात. उद्या बहिणीनं हिस्सा मागितला तर खाजगी नकाशा तुमच्या कामाला येणार नाही.

आधी चौघांच्या संमतीनं तहसीलदारांकडे कलम 85 खाली वाटप, मग भूमि अभिलेख खात्याची पोटहिस्सा मोजणी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याची वेगळी मोजणी, आणि हातात 'क' प्रत, म्हणजे त्या मोजणीचा सरकारी नकाशा. लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस जाते, म्हणून त्या नकाशाला वजन असतं. हा खर्च विकणाऱ्यानं करावा.

आता पैशाचं बघू. 10 लाखांना 13 टक्क्यांनी पाच वर्षं म्हणजे हप्ता 22,750 च्या आसपास. पेन्शन 34,000. उरले 11,000, त्यात घर आणि तुमच्या पत्नीची औषधं. बँकेनं 38,000 चा एकरकमी विमाही 'सक्तीचा' म्हणून जोडलाय. तो सक्तीचा नसतो. असं सांगून विमा गळ्यात मारणं मला अजिबात सहन होत नाही.

तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला 26 टक्के. दीड एकर म्हणजे 60 गुंठे, साधारण 65,000 चौरस फूट, आणि तुम्ही सगळेच विकायला धरलेत. रस्ते आणि 10 टक्के खुली जागा सोडली की 37,000 च्या आसपास उरतील. म्हणजे जमीन 41 रुपये फुटानं नाही, 73 रुपयांनी पडली. एनए (बिगरशेती) करणं, मुरूम, विजेचे खांब यांचा खर्च अजून बाकी. दुप्पट कुठून येणार?

सर्वेअरचं काम 'क' प्रत आल्यावर. तुमच्या कोटेशनांत 18,000 वाला फक्त कोपरे टिपून देतो, 45,000 वाला कॉन्टूर (जमिनीचे चढउतार) आणि लेआउटचा आराखडाही देतो. प्लॉट पाडायचेच असतील तर दुसरा घ्या, कारण पावसाचं पाणी कुठून जातं हे कळल्याशिवाय रस्ता आखता येत नाही. त्याला एवढं विचारा: तुमचा नकाशा 'क' प्रतीला जुळवून देणार का? ऑटोकॅडची फाइल माझ्या हातात देणार का? यापूर्वी तुम्ही केलेला मंजूर लेआउट दाखवता का?

कर्जाच्या अर्जावर सही करू नका. या आठवड्यात चौघा भावंडांना एकत्र बसवा आणि नव्या करारावर चौघांच्याही सह्या मागा. बहीण आली नाही, तर त्याच बैठकीत 3 लाख परत देण्याची तारीख लिहून घ्या.